बाहेरची खूण

मंडळी, हात अजून गार आहेत.

सकाळी लॅबमधून जिंतूरला आईला फोन केला. सोपं करून सांगितलं, “जीन तेच राहतं. ते ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनाभोवती गुंडाळलंय, त्यावर मिथाइलची रासायनिक खूण बसते अन् जीन गप्प होतं. सशाच्या रक्तातली अँटिबॉडी ती खूण हुडकते. जीनमधलं काही नाही, सगळं बाहेरचं.”

आई दचकली. “बाहेरचं हाय? मंग हात नको लावू, बाई.”

मी लय हसले.

दुपारी अँटिबॉडी तपासली. हिस्टोनचे दोन थेंब, एक खुणेचा, एक बिनखुणेचा, कोरा. अँटिबॉडी चिकटेल तो थेंब उजळतो, म्हणजे फक्त खुणेचा उजळायला पाहिजे. मशीनच्या अंधारात दोन्ही उजळले.

अँटिबॉडी खोटी असेल, तर माझं पीएचडीचं सगळं काम वाया. अन् खरी असेल तर?

ससा कधीच मेलाय. त्याच्या रक्ताला कोऱ्या थेंबात कोण दिसलं?