संशयाची फी

मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंढा गावातल्या त्यांच्या घरी, माझ्या साडभावांनी बंडीच्या आतल्या खिशातून दोनशे रुपये काढले, स्वतःच्या डॉक्टर मुलीसमोर ठेवले आणि पावती मागितली. हजर आम्ही चौघे होतो: ती मुलगी स्नेहल, तिची आई म्हणजे माझी मोठी मेहुणी, माझी बायको आणि मी. स्नेहलने पैसे घेतले नाहीत. ते शेवटी कोणाला पोचले हे सांगायचे तर आधी हा माणूस सांगावा लागेल. भंडारा जिल्ह्यात इतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि आहे असे कोणी म्हटलेच तर साडभाऊ आधी त्या म्हणणाऱ्यावर संशय घेतील.

पवनीच्या एसटीत बसताना ते आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, मग खिडकीतल्या एखाद्या बाईला. एवढे करून बसायचे ते दाराजवळच. कारण काय, तर "चौघंबी मिळाले असतीन तर?" पेट्रोल पंपावर ते गाडीवरून उतरतात, मीटरचा शून्य डोळ्यांनी पाहतात आणि पेट्रोल भरून झाल्यावर टाकीला कान लावून गाडी हलवतात. त्यातून त्यांना काय ऐकू येते हे मला आजवर कळलेले नाही. माझे लग्न ठरले तेव्हा मुलीकडच्यांच्या वतीने चौकशीला हेच आले होते. भंडाऱ्याला माझ्या कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर ते दिवसभर बसून राहिले आणि संध्याकाळी शिपायाला गाठून त्यांनी विचारले, "हा माणूस इथं पगारावर आहे का नुसताच येऊन बसते?" शिपाई माझ्यावर नाराज होता, तो म्हणाला, दोन्ही खरे आहे. साडभाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. लग्न झाले ते त्यांनी तिसऱ्या माणसाकडून खात्री केल्यावरच. आणि अजूनही दिवाळीला बोनस किती मिळाला हे ते मला आणि माझ्या बायकोला वेगवेगळे विचारतात.

अशा माणसाच्या घरात मुलगी डॉक्टर व्हायला निघाली. परीक्षेचा निकाल लागला तो त्यांनी तीन वेगवेगळ्या दुकानांतल्या तीन कॉम्प्युटरवर पाहिला. एका मशीनची चूक होऊ शकते. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत स्नेहलने अभ्यासासाठी हाडांची पेटी घरी आणली. गावातली निम्मी माणसे ती पाहायला आली आणि उरलेल्यांनी त्या गल्लीतून जाणे सोडले. साडभावांची काळजी निराळीच होती. "पोरी, हे मोजून घेतले का तू? वापस करताना एखादं कमी भरलं तर आपल्यावर येईन." मग रात्री बापलेकीने मिळून माणसाच्या पंजाची हाडे मोजली. सगळी भरली, तेव्हा ते म्हणाले, "आता हा माणूस कोणत्या गावचा होता ते सांग." ते तिला सांगता येईना. तेव्हापासून कॉलेजवरचा त्यांचा विश्वास जो कमी झाला तो झालाच.

शेवटच्या वर्षानंतर इंटर्नशिप लागली. स्नेहल सकाळी वॉर्डात शिरायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर यायची. रक्त काढायचे, नळ्या घेऊन लॅबमध्ये पळायचे, रिपोर्ट आणायचे, नातेवाईकांची बोलणी खायची. साडभावांनी फोनवर तिची नीट उलटतपासणी केली आणि मला म्हणाले, "साडभाऊ, माही खात्री आहे, पोरीले चपराशी म्हणून लावलं आहे. डॉक्टर तर कोणी दुसराच असन तिथं." पुढच्याच आठवड्यात ते नागपूरला गेले आणि कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना विचारू लागले की इथे शिकवतात का. एका पोराने हसून नाही म्हटले. त्या उत्तराने त्यांना फार समाधान वाटले. कोणीतरी एकदाचे खरे बोलले.

खरा घोर लागला तो पुढच्या शिक्षणाचा. शाखा निवडून पसंतीक्रम भरायचा होता आणि त्याची मुदत मंडईच्या आठवड्यातच संपत होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार-नाटक होते, लेकीबाळी, जावई, पाहुणे जमतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मुलांचे काय करावे ते सांगतो. साडभावांचे मत पक्के होते. हाडांचा डॉक्टर हो. "हायवे काही बंद होत नाही, अन् लोकं दारू काही सोडत नाही." नाहीतर कातडीचा हो, रात्री कोणी उठवत नाही. नाहीतर एक्स-रेचे फोटो काढणारा हो. अंधाऱ्या खोलीत बसायचे, रोग्याशी बोलायचेही काम नाही. स्नेहल म्हणत होती, मेडिसिन घेणार, आणि जमले तर पुढे संधिवातात शिकणार.

"संधिवात?" साडभावांनी मंडईतल्या गर्दीत मला बाजूला घेतले. "ज्या रोगानं माणूस मरत नाही अन् बराबी होत नाही, त्याचा डॉक्टर होऊन काय करते? माह्या मनात संशय आहे, कोणी मास्तरनं भरवलं हिच्या डोक्यात. त्याले कोणी चेला भेटत नसन."

स्नेहल मागेच उभी होती. "मरत नाही म्हणूनच कोणी पाहत नाही, बाबा," ती म्हणाली.

"पाह्यते न. तुह्या आजीले मी पाह्यलं. मोहाचं तेल लावे अन् बसे."

"बसेच न? उठत कुठं होती?"

यावर साडभाऊ गर्दीत शिरले, पण पटून नव्हे. पुढचा मुद्दा शोधायला.

आता मेहुणीचे सांगतो. आमच्या ताई म्हणजे घरातले एकमेव विश्वास ठेवणारे माणूस. त्यांची बोटे पावसाळ्यापासून दुखत होती. पण धानाच्या मुलखात रोवणीनंतर कोणत्या बाईची बोटे दुखत नाहीत? दिवस दिवस चिखलात वाकून पऱ्हे म्हणजे भाताची रोपे रोवायची म्हटल्यावर दुखणारच. म्हणून ताईंनी ते रोवणीचे दुखणे ठरवले. रोवणी संपली तर ते निंदणाचे झाले, निंदण संपले तर दिवाळीच्या सारवणाचे, आणि आता कापणीचे. दुखणे तेच, कारण मात्र हंगामाप्रमाणे बदलत होते. गावात कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. मुलीने फोनवर विचारले तर "काही नाही वो माय, रोवणीचं आहे," एवढेच उत्तर. नागपुरात बसलेली मुलगी त्यावर आणखी काय विचारणार? तीही रोवणीच्याच गावात वाढलेली.

मंडईच्या त्या मुक्कामात माझा एक पायजामा वाया गेला. लोणच्याची बरणी मी झाकणाला धरून उचलली आणि झाकण तेवढे हातात आले. मग पाहतो तो त्या घरातले एकही झाकण घट्ट नाही. तेलाची शिशी, साखरेचा डबा, औषधाची बाटली, सगळ्यांवर झाकणे नुसती ठेवलेली. मी हिशेबी माणूस. मुंग्या किती साखर नेत असतील याचा मनात अंदाज बांधला आणि ताईंचा हलगर्जीपणा म्हणून सोडून दिले.

तर त्या सकाळी आम्ही ओसरीवर चहाला बसलो होतो. ताईंनी कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटे न मिटता, जसे लहान मूल वाटी धरते तसा. साडभावांनी माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले.

"पाह्य, साडभाऊ. हे नाटक रोजचं आहे. मी पाळत ठेवली आहे हिच्यावर."

"कशाचं नाटक?" माझी बायको म्हणाली. "माह्या बहिणीवर पाळत ठेवता, भाऊजी?"

"ऐक न तू. सकाळी उठली का हिचे हात चालत नाही. पाण्याचा गंज उचलत नाही, वेणी घालत नाही, नळ तळव्यानं फिरवते. ऊन विहिरीच्या काठावर येते, तोवर असंच. अन् मंग? त्याच हातानं धुणं धुते, पाट्यावर मसाला वाटते! आता मले सांगा, खरं दुखणं काम केल्यानं वाढते का कमी होते? काम करून दुखणं कमी झालेलं माणूस मी जिंदगीत पाह्यलं नाही. म्हणजे ढोंग आहे. हिले मिक्सर पाह्यजे."

"मिक्सर तर पाह्यजेच," ताई म्हणाल्या.

आम्ही हसलो. स्नेहल हसली नाही. तिने कप खाली ठेवला. "बाबा, पुन्हा सांगा. ऊन कुठंपर्यंत येते?"

"विहिरीच्या काठावर."

"रोज?"

"मले काय विचारून राहिली? रोज म्हणजे रोज. पोळ्याच्याबी आधीपासून पाहून राहिलो."

स्नेहल उठून आईपुढे बसली. "आई, रोवताना पऱ्हे कोणत्या हातानं लावते तू?"

"उजव्या."

"अन् डाव्यात?"

"डाव्यात पेंढी धरतो. तुले माहीत नाही का?"

"मंग डावा काहून सुजला?"

ताईंनी स्वतःचे दोन्ही हात असे पाहिले की जणू ते शेजारणीचे आहेत. बोटांची मुळे दोन्हीकडे सारखी फुगली होती. स्नेहलने आईचा पंजा हस्तांदोलनाला घ्यावा तसा घेतला आणि मुळांपाशी हलकेच दाबला. ताईंनी श्वास आत ओढला. ती बाई विंचू चावला तरी बोलत नाही, हे मी पाहिलेले आहे.

मग स्नेहलने आम्हाला साध्या भाषेत सांगितले. झिजलेल्या सांध्याला काम केले की त्रास होतो; पण सांधा आतून सुजत असेल तर तो रात्रभराच्या विश्रांतीने आखडतो आणि कामाने मोकळा होतो. सकाळी तास-दीड तास हात मिटत नसतील, दोन्ही बाजूंना सारखे असेल आणि आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर हा वाताचा तो प्रकार असू शकतो ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठते. वेळेत औषध नाही मिळाले तर बोटे वाकडी होतात, आजीसारखी. नागपूरला नेऊ, रक्त तपासू, माझ्या मॅडमना दाखवू.

साडभावांचा चेहरा उतरला होता, पण सवय कुठे जाते. "अन् रक्तात काही नाही निंघालं तर?"

"तरी असू शकते. रक्तावर पूर्ण विश्वास नाही ठेवायचा."

"निंघालं तर?"

"तरी नसू शकते. निरोग्यातबी निंघते कधी कधी. हात पाह्याचे, पुन्हा पुन्हा विचारायचं, काही महिने नजर ठेवायची."

माझे साडभाऊ हळूहळू ताठ बसले. रिपोर्टवर विश्वास ठेवू नका असे सांगणारा डॉक्टर त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता, आणि तो त्यांच्या घरात निघाला होता. "हेच शिकवते का त्या संधिवातात?" त्यांनी विचारले. "कोणावरच भरोसा ठेवाचा नाही?"

"जवळजवळ हेच."

"मंग भर तेच," ते म्हणाले. "हाडंबिडं राहू दे."

त्यानंतर त्यांनी ते दोनशे रुपये काढले. फुकटचा सल्ला कोणी मन लावून देत नाही, अशी त्यांची शंका. स्नेहलने नोटा परत सरकवल्या. "निदान झालं नाही अजून, बाबा. नुसता संशय आहे. संशयाची फी मी घेत नाही." साडभावांनी नोटा घडी करून वेगळ्या ठेवल्या.

पुढे नागपूरला निदान झाले. संशय खरा ठरला. औषध सुरू झाले त्यात एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती, रोज घेतली तर जिवावर बेतणारी. असल्या गोळीला राखणदार म्हणून साडभावांइतका योग्य माणूस सबंध दवाखान्यात नसेल. ती शेताच्या कागदांबरोबर पेटीत, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. रविवारी ते मोजून देतात आणि ताईंना तोंड उघडून दाखवायला लावतात. शेजारीण म्हणाली, दोन घे, लवकर बरी होशील. तिला आता ओसरी बंद आहे.

स्नेहलला मेडिसिन मिळाले. उन्हाळ्यात ती दोन दिवसांसाठी आली तेव्हा आम्हीही गेलो होतो. सकाळी चहाच्या वेळी ताईंनी लोणच्याची बरणी उचलली, पिळून झाकण उघडले आणि माझ्यापुढे ठेवली. मी म्हटले, "ताई, झाकणं घट्ट लावायला लागल्या वाटते तुम्ही."

"मी काय लावतो?" ताई नवऱ्याकडे पाहून हसल्या. "सैल करून तेच ठेवत होते. रोज रात्री, सगळ्या घरातले. त्यायले वाटे, मले समजत नाही."

साडभाऊ अंगणाकडे पाहत म्हणाले, "मुंग्या बहुत झाल्या होत्या. म्हणून घट्ट केले."

ताईंच्या डाव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. मिटणारही नाहीत कदाचित, पावसाळा ते मंडई एवढा काळ आम्ही सगळ्यांनीच रोवणीच्या नावावर टाकला. त्या संध्याकाळी नागपूरच्या बसमध्ये बसायच्या आधी स्नेहलने बापासमोर हात पुढे केला, "आता निदान झालं, बाबा." साडभावांनी बंडीतून काढल्या त्या त्याच दोन नोटा होत्या, त्याच घडीच्या. तिने येतानाच्या तिकिटाच्या मागे पावती लिहून दिली. साडभावांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मग बस नागपूरचीच आहे ना हे कंडक्टरला विचारले, ड्रायव्हरला विचारले, आणि बस वळणाआड गेल्यावरही ती खरोखरच गेली की नाही हे पाहत बराच वेळ तिथेच उभे राहिले. दोनशे रुपये, रोख, डॉक्टर मुलीला पावले.