मामाजींचा खराटा

माझ्या सासऱ्यांइतका रस्त्याला जपणारा माणूस अख्ख्या नरखेड तालुक्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये, असं त्यांच्याच गावातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. घरची संत्र्याची बाग, विहिरीवर मोटर, खाऊनपिऊन सुखी माणूस. पण पहाटे उठून हा गृहस्थ बागेकडे न जाता खराटा आणि टोपलं घेऊन एसटीच्या फाट्यावर जायचा आणि तिथून थेट आपल्या घरापर्यंतचा रस्ता झाडत यायचा. ग्रामपंचायतीनं सांगितलं नव्हतं, कोणी नवस बोललेला नव्हता. बायको लवकर गेली, घरात एकुलती एक पोरगी, तेव्हा डोक्यावर परिणाम झाला असेल, असं म्हणून लोकांनी आपली समजूत घालून घेतली होती.

नुसतं झाडून थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण मामाजी, म्हणजे आमचे हे सासरे, कचरा ज्याचा त्याला परत नेऊन द्यायचे! विडीचं थोटूक पाहून ओढणारा सांगत. सकाळी दारात उभे राहून अदबीनं म्हणत, "रस्त्यावर विसरलं होतं तुमचं." समोरच्या काकूंच्या हातात एकदा त्यांनी त्यांच्याच घरचा लसणाचा पाचोळा ठेवला. काकू भडकल्या, "काहून जी, तुम्हाले दुसरं काम नाही काय?" मामाजी शांतपणे म्हणाले, "आहे वं बाई. पण हे तुम्ही संपू देऊन राहिल्या काय?" फाट्यावर एसटी थांबली की खाकी सदऱ्यात टोपलं पुढे करून उभे राहत, का, तर उतरणाऱ्यांनी तिकिटं खाली टाकू नयेत म्हणून. नवखे लोक त्यांना चेकर समजून मुकाट्यानं तिकीट देत. एक जण तर त्यांना पाहताच जो बागेत पळाला, तो म्हणे दुसऱ्या गावच्या शिवेवर निघाला.

अशा माणसाच्या घरी मुलगी पाहायला आम्ही नागपूरहून गेलो. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क, सगळा रुबाब आवाजात. काटोलच्या स्टँडवर त्यांनी संत्री घेतली आणि फाट्यावर उतरल्यापासून सोलून खात, सालं टाकत चालू लागले. मागून खाकी सदऱ्यातला एक माणूस सालं वेचत येत होता. वडील खूश झाले. "काम चांगलं करतोस गा तू," असं म्हणून त्यांनी हातातल्या बियाही त्याच्या टोपल्यात टाकल्या आणि मुलीच्या बापाचं घर विचारलं. "चला, दाखवतो," तो म्हणाला. घरी नेलं, सतरंजीवर बसवलं, खराटा कोपऱ्यात ठेवला, हात धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि समोर येऊन बसला. "मुलीचा बाप मीच," म्हणाला. मग टोपलं वडिलांपुढे सरकवलं. "आन् हे तुमचं. जातानी घेऊन जा."

वडील ताडकन उठले. पण आतल्या दाराशी पोह्याच्या बशा घेऊन उभी असलेली मुलगी हसू दाबता दाबता लालबुंद झाली होती, आणि माझं तिथेच ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला म्हटलं, करीन तर हिच्याशीच. महिनाभर आमच्या घरात अबोला होता. शेवटी वडिलांनी अट घातली: वऱ्हाड परत निघेपर्यंत व्याह्याच्या हातात खराटा दिसला, तर आम्ही भरल्या मांडवातून उठू. लोकांत हसं नको. मामाजींचं उत्तर आलं, "मंजूर."

लग्न झालं ते त्याच रस्त्यावर मांडव घालून. पंगतीवर पंगती उठल्या. पत्रावळ्या, द्रोण, फटाक्यांचे कागद, तुडवलेली फुलं, नुसता उकिरडा! गावानं इतक्या वर्षांचा सूड उगवून घेतला. समोरच्या काकूंनी तर द्रोण नेमका मामाजींच्या पायाशी टाकला. मामाजी वाकले. माझ्या वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला. माझ्या बाजूला बसलेल्या नवरीनं डोळेच मिटले. मामाजींनी चपलेचा पट्टा नीट केला, सरळ झाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर आम्हाला पोचवायला आले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "जा वं बाई. पोचल्याचं पत्र टाकजो." बस हलली. अट संपली. आता म्हातारा खराट्यावर कसा तुटून पडतो ते पाहायला अर्धं गाव रस्त्यावर जमलंय, हे मला मागच्या काचेतून दिसलं, आणि खरं सांगतो, मीही हसलो.

पुढचं मला कळलं ते मामाजी गेल्यावर, त्यांच्या तेरवीला. समोरच्या काकूच डोळे पुसत सांगत होत्या. मामाजींनी खराटा आणला खरा, पण ओट्यावर ठेवला आणि शेजारी बसून राहिले. दिवस गेला, दुसराही गेला. रस्त्यावर पत्रावळ्यांत कुत्री लोळत होती. काकूंनी विचारलं, "आता काहून बसले जी? आता तर कोणाची मनाई नाही."

"घरचं माणूस निघालं की मागून झाडत नाही वं," मामाजी म्हणाले. "ती पोचल्याचं कळू दे."

"मंग मलेच पाहवेना," काकू सांगत होत्या. "आम्ही बायांनीच उचलल्या पत्रावळ्या. खराटा नाही लावला, हातानंच एकेक वेचली. म्हटलं, झाडणं नको, पण बुढ्याच्या डोळ्यांसमोरून तर जाऊ दे."

किती दिवस तो खराटा ओट्यावर पडून होता, ते काकूंना आठवत नव्हतं. माझी बायको माझ्याकडे पाहत होती. नव्या संसाराच्या गडबडीत ते पत्र मी टाकतो असं म्हणालो होतो, आणि पंधरा दिवसांनी टाकलं.