शेराच्या कुंपणाची मोजणी

आमचे निम्मे स्वयंपाकघर शेजाऱ्यांच्या जागेत आहे, हे मी स्वतः खटपट करून सिद्ध केले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पत्रके वाचतच वाढल्यामुळे अन्याय दिसला की माझा हात दौतीकडे जाई. (मुठी आवळण्याइतके मनगट नव्हते!) नाशकात आग्रा रोडच्या कडेला आमचे घर आणि शेजारी इस्माईलचाचांचे. चाचा स्टेशन ते पंचवटी टांगा हाकत. मध्ये शेराच्या झुडपांचे कुंपण. त्या वर्षी चाचांनी ते नव्याने लावले आणि मला ते हातभर आमच्या अंगणात सरकलेले दिसले.

“चाचा, हे आक्रमण आहे!”

“अरे वसंता, जुनी खुंटं होती तिथंच नवी टोचली. बरं, घेतो हातभर मागं.”

“मेहरबानी नको, न्याय हवा!”

“मग चहा तरी घे.”

मी चहाही नाकारला. त्याच आठवड्यात ‘कुंपण की साम्राज्य?’ हे पत्रक छापून भिंतीभिंतींवर चिकटवले. एक चाचांच्या टांग्यालाही! चाचांनी ते काढले नाही. म्हणाले, “राहू दे. उतारू वाचत बसतात, भाड्यावरून भांडत नाहीत.”

हा अपमान असह्य होता. मी सरकारी मोजणी मागितली आणि करारही लिहिला: ‘मोजणीत जे निघेल ते उभयपक्षी बिनतक्रार मान्य.’ चाचांनी लगेच सही केली. आमचे वडील, अण्णा, मात्र टाक हातात धरून थांबले.

“तुझी खात्री आहे ना?”

“शंभर टक्के!”

मोजणीदाराने रस्त्याकडच्या हद्दीच्या दगडापासून साखळी ओढली. साखळी कुंपणापर्यंत आली, कुंपण ओलांडून अंगणात शिरली, अंगणही संपले आणि मोजणीदार आमच्या मागच्या दारातून आत गेला!

“अहो, चपला!” भाकरी थापता थापता आई ओरडली.

त्याने जात्याशेजारी खडूची रेघ मारली. “चूल इस्माईलभाईंची. पाट तुमचे.”

 आईने तवा उतरवला. “दुसऱ्याच्या जागेत न विचारता विस्तव करायचा नाही. सही केलीय आपण! जा, विचारून ये.”

मग मी रोज सकाळी चाचांच्या दारात उभा.

“चाचा, चूल पेटवू का?”

“पेटव की,” घोड्याला खरारा करत चाचा म्हणत. “आज काय आहे?”

“भरली वांगी.”

“मग वहिनींना म्हणावं, दोन इकडं.”

चौथ्या दिवशी सगळी आळी मला गाठून आमचा स्वयंपाक विचारू लागली. तरीही तत्त्व ते तत्त्व! आमचे स्वयंपाकघर ताबडतोब पाडावे, अशी मागणी करणारे पत्रक मी लिहायला घेतले. आईने ते वाचले आणि जेवायला वाढायचे बंद केले. (फक्त मला.)

ही बातमी कुंपणापलीकडे गेली. संध्याकाळी चाचा कचेरीतून रीतसर कागद करून घेऊन आले. स्वयंपाकघराखालची चार हात जागा त्यांनी आम्हाला कायमची देऊन टाकली होती. अट एकच: वसंताने या विषयावर यापुढे एक ओळही लिहू नये.

“चाचा, हा लेखनस्वातंत्र्याचा...”

माझे वाक्य संपण्याआधीच अण्णांनी सही ठोकली!

लिहून लेखकांना काय मिळते, हे मला अजून कळलेले नाही. न लिहिण्याबद्दल मात्र मला चार हात जमीन मिळाली, तीही बांधकामासकट!