पाँडर म्हणजे तोलणे

निजामी अमलात बीडच्या शाळेत आमचे सारे शिक्षण उर्दूतून होई. इंग्रजीला दिवसाचा एक तास. त्या तासात मास्तरांनी 'पाँडर' हे क्रियापद सांगितले. अर्थ, सावकाश व खोलवर विचार करणे. मूळ लॅटिन, तेथे तोलणे. चटकन सुचलेल्या गोष्टीला हा शब्द लावू नये, अशी त्यांची ताकीद होती.

मला तो परका वाटला नाही. माझे वडील आष्टीच्या बाजारात धान्य तोलीत. दांडी हलत असेतो ते आकडा उच्चारीत नसत. कोणी घाई केली तर म्हणत, "थांब बे, काटा ठरू दे. गाव पळून चाललं न्हाई तुझं." त्या थांबण्यावर त्यांची अब्रू उभी होती. मी तीच रीत माणसांना लावली आणि तिला शहाणपण समजलो.

लग्नाच्या चौथ्या वर्षी पत्नी बाळंत झाली. मूल गेले, तिचा ताप राहिला. हकीम म्हणाले, आठवड्यात उतरेल. धाकटा भाऊ म्हणाला, इंग्रजांच्या मुलखात, नगरच्या दवाखान्यात न्यावे. मी एकीकडे गाडीचे हेलकावे, तिचा अशक्तपणा व हकिमांचा शब्द ठेवला; दुसरीकडे ताप. दोन्ही बाजू सारख्याच भरत.

भाऊ रोज सकाळी विचारी, "दादा, गाडी जुंपू का?"

"थांब."

तिसऱ्या दिवशी तो चिडला. "वहिनी हाय ती, जवारीचं पोतं न्हाई!"

ती आतून ऐकत होती. म्हणाली, "भावजी, त्यास्नी बोलू नका. लई शिकल्यात ते." मग मला म्हणाली, "अवो, न्यायचं तर न्या. नसंल न्यायचं तर तसं सांगा. असं मधीच ठिवू नका मला."

उद्या सांगतो, असे मी म्हणालो.

पाचव्या दिवशी मी होकार दिला. तेव्हा तिला उचलून गाडीत निजवावे लागले. निम्म्या वाटेवर तिने पाणी मागितले. मी पाजले; ते ओठांवरून ओघळले. भावाने वळून पाहिले, बैल थांबवले, आणि थोड्या वेळाने गाडी माघारी फिरवली.

त्यानंतर आम्ही तीस वर्षे एका घरात राहिलो. शेत, सोयरीक, औषधपाणी, सारे तो पाहत असे. त्याने मला पुन्हा कधी काही विचारले नाही.