सरकीचं पोतं आणि नव्या स्प्रिंगा

“उठा, बाबू!” असं ओरडून तो स्वतःच आधी सीटवरून उठायचा. पुढे खड्डा आहे, एवढाच त्याचा अर्थ. फटफटीवर मागे बसलेला मी उठेपर्यंत खड्डा मागे पडलेला असे आणि माझी कंबर कामातून गेलेली असे.

पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये तो कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता, मी तिथलाच कारकून. दोघांची घरं दोन कोसांवरच्या एकाच गावात. एकोणीसशे साठच्या आसपासची ती वर्षं मी त्याच्या पाठीमागेच काढली. माणूस धिप्पाड, आवाज मोठा, हमाल त्याला वचकून असत. पण तुम्ही त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं असतं, तर हा गडी आतून भ्यालेला आहे हे तुम्हालाही कळलं असतं.

कारण गावाला ठाऊक होतं. त्याचं पहिलं मूल, बायकोला बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेलं होतं. गचक्यांनी गेलं, असं तो धरून बसला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

“फटफटीवर नेतो तिले. पण मागच्या स्प्रिंगा पार मेल्या, बाबू. मले भेव लागते.”

मग त्यानं नागपुरातून नव्या स्प्रिंगा आणल्या. कंपनीच्या नव्हेत, कुण्या दुकानदारानं ‘गादीवर बसल्यासारखं वाटेल’ म्हणून गळ्यात मारलेल्या. आम्ही जिनातली माणसं, वजन म्हटलं की आम्हाला पोतंच आठवतं. त्यानं मागच्या सीटवर सरकीचं भरलेलं पोतं बांधलं आणि गावापर्यंत जाऊन आला. पोतं जागचं हललं नाही. स्वारी इतकी खूश झाली, की हमालांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पोत्याच्या जागी मी बसलो. मी म्हणजे नुसती हाडं. पहिल्याच खड्ड्यात असा उडालो, की जीभ दातांखाली सापडली. पोत्याखाली दबणाऱ्या स्प्रिंगा माझ्या वजनाला दादच देईनात.

त्यानं गाडी थांबवली. कपाळावर घाम आला होता. “बाबू, तिचं वजन तं तुमच्याहूनही कमी हाय.”

त्या दिवसापासून त्याची भीती मलाही चिकटली.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. जुन्या स्प्रिंगा केव्हाच भंगारात गेल्या होत्या. हा डोक्याला हात लावून दारात बसलेला. शेवटी घरातली त्याची आत्या पुढे झाली. त्याच्याच अंगलटीची, चांगली वजनदार बाई.

“रडून कायले राह्यला रे? ते मधात बसन, मी मांगं बसतो. माह्या वजनानं कशी नाही दबत तुही स्प्रिंग, पाह्यतोच मी!”

फटफटी गेली. आम्ही शेजारी धुळीकडे पाहत उभे. सकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डोळ्यांसमोर येतो तो त्या बाळंतपणानंतरच्या एका संध्याकाळचा. मी रस्त्यावर उभा होतो. समोरून फटफटी येत होती, पण आवाज नव्हता. सीटवर बायको, तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं मूल. हा हँडल धरून पायी गाडी ओढतोय, आणि मागून आत्या कुरकुरत ढकलतेय. दोघंही घामानं चिंब झालेले.

मी धावत गेलो. “पेट्रोल संपलं काय?”

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा तो माणूस, मला जेमतेम ऐकू आलं.

“टाकी भरून हाय, बाबू. पोट्टी झोपली हाय.”