स्टाफ बसमधली सिरीयल

"थांब, आधी मागचं ऐकून घे!"

असं म्हणून ती हातातल्या कड्यानं पुढच्या सीटच्या दांडीवर दोनदा टकटक करायची आणि आमची अख्खी स्टाफ बस गप्प व्हायची. ड्रायव्हरसुद्धा गाणी बंद करायचा. रायपूर शहराच्या टोकाचं तेलीबांधा मागे पडलं की आमचं ऑफिस आहे ते नवा रायपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नसतं. रुंद रस्ता, मधोमध शोभेची झाडं आणि माणूस औषधालाही नाही. अशा रस्त्यावर रोज जाऊन-येऊन दोन तास काढायचे म्हणजे कुणीतरी बोलणारं लागतंच. आम्हाला ती मिळाली होती.

ती सांगायची सिरीयल. आदल्या दिवशीचा एपिसोड, नट्यांच्या दागिन्यांसकट. ही सिरीयल कुणालाही मोबाइलवर कधीही पाहता येते. पण आमच्यातल्या निम्म्या जणींनी ती पाहणं सोडून दिलं होतं, कारण तिनं सांगितलेली जास्त चांगली असायची. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. स्वतःचं घरचं एक अक्षर सांगणार नाही, पण पडद्यावरच्या सुनेनं काय सोसलं ते सांगताना डोळ्यांत पाणी आणेल.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली. एक मालगुजार म्हणजे जमीनदार, त्याचा मुलगा आणि त्यांच्याकडे पाणी भरणाऱ्या बाईची मुलगी. दोघांचं जमतं. मालगुजारीण त्या मुलीला भरल्या अंगणातून हाकलून देते. मग ती काही वर्षांनी कलकत्त्याहून श्रीमंत होऊन परत येते आणि एकेकाला धडा शिकवते. विहिरीवर पाणी भरतानाही तिच्या अंगावर जरीची साडी असायची, ते जाऊ द्या.

"छोट्या मालगुजारानं मान खाली घातली," ती सांगायची, आणि इथे दर वेळी चिडायची. "आता मले सांगा, मान खाली घालून काय होते? जमिनीवर काही लिहून ठेवलं आहे काय?"

"फिर क्या हुआ, दीदी?" मागच्या सीटवरच्या पोरी विचारायच्या. त्या सगळ्या मराठी घरातल्या, पण बोलायच्या हिंदीत.

"फिर काय! फिर मालगुजारीण बोंबलली."

बस हसायची. मीही हसायची. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, पन्नाशीला आलेली, लग्न न केलेली. मी तिला ताई म्हणायची. तिच्या शेजारची खिडकीकडची सीट माझी, कारण मला बस लागते. पण कुणी नवीन माणूस त्या सीटबद्दल विचारू लागला की ती सांगायची, "हिले हवा लागते, मले श्रोते लागतात."

घरी तिची आई होती. पंडरीच्या मागे दोन खोल्यांत मायलेकी राहायच्या. आईची आठवण पुसत चालली होती. म्हातारीनं सारा जन्म चौबे कॉलोनीतल्या एका मोठ्या मराठी घरी स्वयंपाक केला होता, आणि आता बाकी सगळं विसरून तेवढंच उरलं होतं. सकाळ झाली की उठायची, "बाईसाहेब वाट पाहून राहिल्या असतील, पोळ्या व्हायच्या आहेत," म्हणायची आणि चालू लागायची. दोनदा ती पंडरीच्या कापडबाजारात सापडली. दुकानादुकानात शिरून त्या घराचा पत्ता विचारत होती. सांभाळायला एक बाई ठेवून पाहिली. तिला म्हातारीनं नवीन स्वयंपाकीण समजून ओट्यापासून ढकलून दिलं. ती बाई दोन दिवसांत पळाली.

एक शेजारीण मात्र म्हातारीजवळ दिवसभर बसायची, म्हणून हिला नोकरी करता येत होती. ती शेजारीण दिवाळीनंतर भिलाईला मुलाकडे कायमची जाणार होती. आणि आमच्या खात्याचं जुनं ऑफिस शहरातच, तिच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. तिथे बदली झाली तर दुपारच्या सुटीत घरी जाऊन आईला जेवू घालता आलं असतं, मधूनच एकदा डोकावता आलं असतं. नाही झाली तर नोकरी सोडायची. इतका साधा हिशोब होता.

"मग अर्ज देत काहून नाही?" मी एकदा डबा खाताना विचारलं.

तिनं भाजीतला टोमॅटो बाजूला केला. "कोणाले देऊ? सही कोण करते?"

"साहेब."

"तोच तर," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाच, आणि तेही सिरीयलपेक्षा कितीतरी कमी वेळात. तो साहेब चौबे कॉलोनीतल्या त्याच घरचा मुलगा. हिची आई आत पोळ्या लाटायची आणि ही मागच्या पायरीवर अभ्यास करायची. तो गणित शिकवायला यायचा. पुढे दोघांचं ठरलं. त्यानं घरात सांगितलं तेव्हा त्याची आई हिला समोर उभं करून म्हणाली, "जी आमच्या ताटात वाढते, तिची पोर आमच्या ताटाले कशी बसणार?" आणि तो जमिनीकडे पाहत राहिला. मायलेकी त्या दिवशी उपाशी घरी आल्या. आई मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली, कारण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे मी आता कबूल करून टाकते. मी फक्त एकीला सांगितलं. आठवड्याभरात सगळ्या बसला माहीत झालं.

झालं! पोरींना जणू बसल्या जागी सिरीयल मिळाली. "दीदी, अब आपका एपिसोड है. छोड़ना मत!" एकीनं सुचवलं, त्याच्या चहात मीठ टाका. दुसरी म्हणाली, त्याच्या फायली दाबून ठेवा. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. पण तिनं मला एका शब्दानंही टोचलं नाही.

"मले बदला-बिदला काही नको, पोट्टीहो," ती एवढंच म्हणाली. "मले घराजवळचं ऑफिस पाहिजे."

अर्ज लिहायला तिला महिना लागला. तीन कागद फाडले. "त्याच्यापुढे हात पसरू काय मी?" म्हणायची. मी म्हणायची, "हात कशाले पसरते ताई, कागद दे ना. सरकारी कागद आहे." शेवटी दसऱ्यानंतर तिनं तो आवक शाखेत दिला. दोन दिवसांनी तो साहेबांच्या टेबलावर पोचल्याचं शिपायानं सांगितलं. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली चटणी मागून खाल्ली.

आणि त्याच संध्याकाळी साहेबांची गाडी बिघडली.

बस सुटता सुटता तो चढला. केस पांढरे, हातात बॅग, चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू. बस गच्च भरलेली. साहेब उभे म्हटल्यावर कुणीतरी उठायला हवं होतं, पण एकही बाई हलली नाही. सगळ्या ताईकडे पाहत होत्या. तो नेमका आमच्या सीटपाशी दांडी धरून उभा राहिला.

ताई उठू लागली. सवयीनं म्हणा, अर्जासाठी म्हणा, की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. ती अर्धी उठली होती. मी तिचा पदर धरून तिला खाली ओढलं. "बस खाली," मी दात आवळून म्हटलं. ती बसली.

"दीदी, कल का सुनाओ ना!" मागून आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं.

"काल मी पाहिली नाही," ताई म्हणाली. ती रोज पाहायची. तिनं कडं मनगटावर वर सरकवून घट्ट केलं आणि माझ्या पलीकडे खिडकीबाहेर पाहू लागली.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं होतं. हिच्यापुढे हा असा टेकून उभा, आणि हिनं अजूनही नजर चोरायची? "मी पाहिली!" मी म्हटलं. "मी सांगते."

आणि मी सांगितली. सगळी मनची. मालगुजाराचा मुलगा अंगणात उभा आहे आणि पाणीवालीची पोट्टी बाजेवर बसून पान खाऊन राहिली आहे. "आता बोल," ती म्हणते, "तुह्या मायनं काय म्हटलं होतं मले?" मग मी थांबले, साऱ्या बसकडे पाहिलं आणि ते ताटाचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर काही न समजून हसला. साहेबाचा दांडी धरलेला हात पांढराफटक पडला होता. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! पुढे अर्धा तास मी तोंड बंद केलं नाही. गावात शिरताच पहिल्या थांब्यावर तो उतरला.

ताई तिच्या थांब्यावर माझ्याकडे न पाहता उतरली.

चार दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: "कार्यालयीन आवश्यकता को देखते हुए अमान्य." खाली बारीक, नीटस सही.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. खरंच गेले. "सर, चूक माझी आहे, तिची नाही," मी म्हटलं.

"कौन-सी चूक?" त्यानं फाईलमधून डोकं वर न काढता विचारलं.

आता काय सांगणार? बसमध्ये सिरीयल सांगितली, ही चूक? कुठल्या नियमात बसते ती? मी दाराशी उभी होते. "जगह खाली नहीं है, मैडम," तो म्हणाला. तो मराठी माणूस माझ्याशी शेवटपर्यंत हिंदीत बोलला.

दिवाळीनंतर शेजारीण गेली. ताईनं आधी होती नव्हती ती सगळी रजा काढली, मग राजीनामा पाठवला. बसमध्ये एक-दोघींनी सिरीयल सांगून पाहिली, पण रंग भरला नाही. आता सगळ्या कानात वायरी घालून बसतात. पोरींच्या डोक्यातून ती गोष्ट गेलीही. माझ्या डोक्यातून जात नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी तिच्याकडे गेले. आई पलंगावर बसलेली, समोर टीव्ही चालू. मला पाहून म्हातारी धडपडत उठली. "बाईसाहेब, झाल्याच पोळ्या," म्हणाली. ताईनं तिला खांद्याला धरून बसवलं. ताई वाळली होती. घरात तिचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून की काय, तिचा आवाजही बसल्यासारखा झाला होता.

मला रडू आलं. "ताई, माह्यामुळे झालं हे सगळं."

"हव," ती म्हणाली. "तुह्यामुळेच झालं."

मग ती आईच्या पायांना तेल लावू लागली.

"एक खरं सांगू?" ती म्हणाली. "तो उभा होता आणि मी बसली होती. गाव येईपर्यंत. लय मजा आली मले. जन्मात तेवढी आली नव्हती." तिनं तेलाचा हात पदराला पुसला. "पण मी उठून राहिली होती ना गं. तू काहून ओढली मले?"

मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली.

"जाताना बाहेरून कडी लाव," ती म्हणाली. "आतली आईले काढता येते. माहा डोळा लागला की निघून जाते. खालच्या मजल्यावरची बाई संध्याकाळी दूध घेऊन येते, तीच कडी उघडते."

"आणि तुले कुठी जायचं असलं तर?"

"मले कुठी जायचं आहे?" ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मी कडी सरकवली.

"लागली का?" आतून तिनं विचारलं. "ओढून पाह्य बरं."

मी दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"लागली, ताई," मी म्हटलं.