बाकी फोन करा

लातूरच्या आमच्या टायपिंगवाल्यांच्या गल्लीत आजही एखादा म्हणतो, "त्या उमरीच्या बाईचं दुकान ह्यानं बुडवलं." माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणून मी इथं लिहितो आहे.

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. मदतीचा अर्ज भरायला वडील आणि मी तहसीलबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. त्यानं अर्ज लिहिला, पण सोबत तलाठ्याचा दाखला लागतो हे सांगितलं नाही. अर्ज परत आला. पुन्हा गेलो, पुन्हा लिहिला, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला त्यानं दाखल्याचं सांगितलं. तोवर थंडी सरत आली होती. आईचा तो हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि पुढचा तिनं पाहिला नाही.

पुढे पोटासाठी मी त्याच माणसाच्या शेजारी टाइपरायटर घेऊन बसलो. एकदा चिडून विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "समदं एकदाच सांगितलं तर माणूस परत कशाला येईल?" मला त्याचा खून करावासा वाटला. त्याचं वाक्य मात्र मी शिकलो.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. नोट्स, सराव परीक्षा, उत्तरपत्रिका, सगळं टाइप करून पानावर बसवून द्यायचं असे. मी कॉम्प्युटर घेतला, दुकान टाकलं. कुणी शिकवलं नाही. फॉन्ट बदलला की मात्रा उडायच्या, फाईल ऐन वेळी उघडायची नाही. एकेक इलाज मी रात्रंदिवस खपून शोधला. असेच इलाज नांदेड, उदगीर, अर्धापूरच्या दुकानदारांनीही शोधलेले होते. आम्ही सातआठ जणांनी मिळून ईमेलचा एक गट केला होता. कुणाचं अडलं की दुसरा युक्ती लिहून पाठवायचा. पण रीत अशी की शेवटची पायरी कुणी लिहायचं नाही. खाली एक ओळ टाकायची: बाकी फोन करा. फोन आला की आपणही त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं. उधारी न ठेवणारा व्यवहार होता तो.

उमरीची ती बाई गटात सगळ्यात नवी. तिनं पत्र पाठवलं की एकच प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात आणि जुनी उत्तरं सापडत नाहीत. सगळ्या युक्त्या विकीवर नेऊ, म्हणजे ज्याचं पान कुणालाही उघडून दुरुस्त करता येतं अशा संकेतस्थळावर. पैसे कुणी घ्यायचे नाहीत.

एका रविवारी माझ्याच दुकानात बैठक झाली. ती उमरीहून रेल्वेनं नांदेडला आणि तिथून एसटीनं लातूरला आली. सोबत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. बोलता बोलता तिनं सांगितलं की सासऱ्यांनी दुकानाला एक वर्ष दिलंय. वर्षात जम बसला नाही तर शटर खाली. आठ महिने झाले होते. नांदेडच्या एका क्लासचं काम तिला मिळालं होतं, त्यावरच सगळं चाललं होतं.

नांदेडचा लग्नपत्रिकावाला, ज्याचे वडील हातानं उर्दू मजकूर लिहून देणारे कातिब होते, मला चिडवायला शेठ म्हणायचा. तो म्हणाला, "शेठ, तू फुकट देऊन राहिला? सूरज आज कुठून निघाला?"

"फुकट न्हाई," मी म्हणालो. "तुझ्या दहा युक्त्या, माझ्या दहा. तू उर्दू-मराठी एका ओळीत बसवायची दे, मी बिघडलेली फाईल वाचवायची देतो."

"अन् प्रत्येकाखाली दुकानाचं नाव?"

"हाव. ते लागंलच."

ती बाई जुन्या प्रुफाच्या पाठीवर वाटणी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव टाका काका. पण फोन नंबर अन् 'बाकी फोन करा' ते काढायचं. पान पूर्ण पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

महिनाभरात पानं चढली. तिनं एकटीनं निम्म्याहून जास्त टाइप केली. स्वतःच्या युक्त्या तिनं शेवटच्या पायरीपर्यंत लिहिल्या. मी काय केलं ते सांगतो. मी 'बाकी फोन करा' ही ओळ काढली. त्या जागी काही लिहिलं नाही.

बिघडलेली फाईल वाचवताना शेवटी सॉफ्टवेअर विचारतं की समोरच्या प्रिंटरप्रमाणे मजकूर पुन्हा बसवू का. तिथं 'नाही' म्हणायचं. 'हो' म्हटलं तर ओळी सरकतात आणि आकृत्या जागच्या जागी राहतात. एवढीच एक ओळ मी लिहिली नव्हती.

तिची सराव परीक्षेची फाईल परीक्षेच्या आदल्या दुपारी बिघडली. प्रुफं आधीच तपासून झाली होती. तिनं माझं पान उघडलं, पायरी पायरीनं केलं. शेवटी प्रश्न आला, तिनं 'हो' म्हटलं. पहिली चार पानं पाहिली, ठीक होती, म्हणून छापायला दिलं. पाचव्यापासून एका प्रश्नाची आकृती दुसऱ्या प्रश्नाखाली गेली होती. परीक्षेत पोरं रडली, पालक भांडायला आले. क्लासनं काम काढून घेतलं.

हे कळलं तेव्हा, तिनं आधी फोन का केला नाही म्हणून मी रागातच उमरीला गेलो. दुकानाला कुलूप होतं. ती घरी तूर निवडत बसली होती.

"एक फोन केला असता तर सांगितलं असतं," मी म्हणालो.

"फोन कशाला करू काका? पान पूर्ण होतं की."

"नंबर काढायला तूच लावलंस."

तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "ती ओळ टाकली का आता?"

"न्हाई अजून."

"मग माझ्याकडं कशाला आलात? तिकडं टाका." चहा तिनं विचारला नाही.

परत आल्यावर मी ओळ टाकली. विकीवर जुनं पान डावीकडे आणि नवं उजवीकडे दिसतं, भर घातलेली ओळ रंगीत. ते कुणालाही कधीही उघडून पाहता येतं. गल्लीतल्यांनी तिथंच पाहिलं आणि माझ्या माघारी दोष माझ्यावर ठेवला.

पण बाकीच्यांचं काय? मी एकेकाच्या पानांवरच्या युक्त्या करून पाहिल्या. नांदेडवाल्याची दहाच्या दहा पानं अपुरी. त्याला फोन केला. तो म्हणाला, "शेठ, माझ्या पानानं कुणाचं दुकान न्हाई बसलं."

"अजून न्हाई बसलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तिच्या दुकानात आता मोबाइल रिचार्जवाला बसतो. मी त्या सगळ्या अपुऱ्या पानांखाली लिहून आलो: यात एक पायरी कमी आहे. कुणीतरी ते काढतं. मी परत टाकतो.